देश हरवलेला जगज्जेता

माते हे नाव वाचलं की आपल्याकडे कुणालाही देवीची आरती आठवावी. पण क्रोएशियात माते हे अस्सल पुरुषी नाव आहे. इंग्रजीतला मॅथ्यू तिकडे माते होतो, आपल्या विठ्ठलाचा विठोबा व्हावा तितक्याच सहजपणे. आज मी ज्या मातेची गोष्ट सांगणार आहे तो मुष्टियोद्धा होता, डावखुरा होता, आणि त्याचं पूर्ण नाव होतं माते पारलोव्ह. ऑलिंपिकचं सुवर्णपदक, हौशी मुष्टियुद्धातलं जगज्जेतेपद आणि व्यावसायिक मुष्टियुद्धातलं जगज्जेतेपद, हे तिन्ही ज्यानं मिळवलं असा हा गडी. आणि कम्युनिस्ट राजवटीच्या देशातून येऊन व्यावसायिक जगज्जेता झालेला पहिला माणूसही हाच.

खरं सांगायचं तर माणसानं माणसाला ठोसे मारायचे आणि बाकीच्यांनी तिकीट काढून ते पाहायचे, हा प्रकार मला फारसा रुचत नाही. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं मुष्टियुद्ध मोहम्मद अलीपासून सुरू होतं आणि त्याच्यापाशीच संपतं. पण काही आयुष्यं अशी असतात की त्यांच्यामागे एका अख्ख्या देशाची कहाणी उभी असते. पारलोव्हचं आयुष्य मला म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. ज्या देशासाठी तो जिंकला तो देश त्याच्या डोळ्यांदेखत नकाशावरून पुसला गेला. मग त्या विजयांचं काय करायचं? ते कुणाचे म्हणायचे? हा प्रश्न त्याच्या वाट्याला आला, आणि त्यानं तो ज्या शांतपणे पेलला ते मला त्याच्या कुठल्याही ठोशापेक्षा मोठं वाटतं.

पारलोव्हचा जन्म १६ नोव्हेंबर १९४८ चा, स्प्लिट या समुद्रकाठच्या शहरातला. घराणं मात्र आतल्या भागातलं, इमोत्स्की परिसरातल्या रिचित्से गावचं. हा सगळा मुलूख चुनखडीच्या खडकांचा. जिथे खडकांच्या बेचक्यात माती साठली असेल तिथेच पीक. अशा जमिनीवर घरातली सगळी तोंडं पोसली जात नाहीत, त्यामुळे इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून पोटासाठी बाहेर पडत आली. कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

१९४८ हे साल आणखी एका कारणानं लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी जूनमध्ये युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो आणि रशियाचे स्टॅलिन यांचं फाटलं. युगोस्लाव्हिया कम्युनिस्टच राहिला, पण मॉस्कोच्या हुकमाबाहेर गेला. पुढे नेहरू आणि नासर यांच्याबरोबर अलिप्ततावादी चळवळीचा झेंडा धरणारे टिटो ते हेच. राजकारणातली ही फारकत एका पाळण्यातल्या पोराच्या कामी येणार होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी असणार?

माते नऊ-दहा वर्षांचा असताना घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं ते थेट देशाच्या वायव्य टोकाला, इस्त्रिया द्वीपकल्पातल्या पुला या बंदरात. पुला म्हणजे रोमन काळापासूनचं शहर. पहिल्या शतकात बांधलेलं प्रचंड लंबवर्तुळाकार प्रेक्षागार तिथे आजही समुद्राकडे तोंड करून उभं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्यात योद्ध्यांच्या झुंजी लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली हे शहर इटलीकडून युगोस्लाव्हियाकडे आलं आणि तिथले बहुसंख्य इटालियन रहिवासी सामानसुमान बांधून निघून गेले. रिकाम्या झालेल्या घरांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं येऊन राहिली. जहाजबांधणीच्या कारखान्यात काम होतं, राहायला छप्पर होतं. शेजारी कुठल्या जातकुळीचा, हे विचारण्यापेक्षा त्याच्याशी जुळवून घेण्यातच शहाणपण होतं. माते अशा शहरात वाढला. पुढे त्याच्या वागण्यात जो समजूतदारपणा दिसला त्याचं मूळ मला या सरमिसळ वस्तीत दिसतं.

पुलातच त्यानं हातमोजे चढवले. तो डावखुरा होता हे वर आलंच आहे, पण मुष्टियुद्धात त्याचा अर्थ काय ते थोडं सांगायला हवं. उजवा मुष्टियोद्धा डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवून उभा राहतो आणि जोरकस ठोशासाठी उजवा हात मागे राखतो. डावखुऱ्याचं सगळं आरशातल्यासारखं उलट. समोरच्याला रोजच्या सरावात उजवेच भेटलेले असतात, त्यामुळे ठोसा अनपेक्षित कोनातून येतो. क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज आला की गोलंदाजाची दिशा बिघडते ना, तसंच हे. पण केवळ डावा हात पुरत नाही. पारलोव्हकडे त्याच्या जोडीला संयम होता. तो अंगावर धावून जाणारा नव्हता. अंतर राखून, पावलं मोजून, समोरच्याला चूक करायला लावायची आणि मग सरळ डावा ठोसा घालायचा, ही त्याची रीत. कमी वेळात फार गडबड करायची नाही, हा स्वभावच.

१९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकला तो गेला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. ७५ किलोंच्या गटात त्यानं उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे गाठ पडली इंग्लंडच्या क्रिस फिनेगनशी. हा फिनेगन बांधकामावर विटा वाहणारा मजूर. गुणांवर फिनेगन जिंकला आणि पुढे सुवर्णपदकही घेऊन गेला. पारलोव्ह रिकाम्या हातानं घरी आला. पुढच्याच वर्षी युरोपियन स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळालं, म्हणजे पुन्हा एकदा शेवटच्या पायरीवर पाय अडखळला. एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. यानं वजनाचा गट बदलला. ८१ किलोंच्या गटात तो उतरला आणि तिथे जणू त्याला आपलं घर सापडलं. १९७१ साली माद्रिदला तो युरोपचा विजेता झाला.

मग आलं १९७२ चं म्युनिक. ते ऑलिंपिक जगाच्या लक्षात राहिलं ते खेळांमुळे नव्हे. ५ सप्टेंबरला पॅलेस्टिनी दहशतवादी क्रीडाग्रामात घुसले आणि त्या प्रकरणात अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. स्पर्धा थांबल्या, शोकसभा झाली आणि मग पुन्हा सुरू झाल्या. खेळाडूंच्या मनाची त्या दिवसांत काय अवस्था असेल, याचा विचार केला तरी अस्वस्थ व्हायला होतं. अशा वातावरणात पारलोव्ह लढत राहिला. उपांत्यपूर्व फेरीत त्याच्यासमोर अर्जेंटिनाचा मिगेल आंखेल कुएल्यो येणार होता, पण कुएल्यो रिंगणात उतरलाच नाही आणि पारलोव्हला पुढे चाल मिळाली. हे कुएल्यो नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, ते पुन्हा यायचं आहे. उपांत्य फेरीत पोलंडचा यानुश गोर्टाट हरला. अंतिम फेरीत क्यूबाचा जिल्बेर्तो कारिल्यो समोर होता. दुसऱ्याच फेरीत पंचांनी लढत थांबवली. मुष्टियुद्धातलं युगोस्लाव्हियाचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

१९७३ साली बेलग्रेडला तो पुन्हा युरोपचा विजेता झाला. १९७४ साली हौशी मुष्टियोद्ध्यांची पहिलीवहिली जागतिक स्पर्धा भरली ती हवानाला. क्यूबात मुष्टियुद्ध म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. तिथे जाऊन, अंतिम लढतीत रशियाच्या ओलेग कारातायेव्हला हरवून त्यानं आणखी एक सुवर्णपदक आणलं. हौशी मुष्टियुद्धात आता जिंकायचं काही शिल्लकच नव्हतं. तीनशेच्या वर लढती आणि त्यांतल्या हरलेल्या अवघ्या तेरा, असा त्याचा हिशेब सांगितला जातो.

इथे त्याच्या आयुष्यातलं खरं वळण येतं. पश्चिमेकडच्या देशांत ऑलिंपिकचा विजेता दुसऱ्या दिवशी व्यावसायिक होऊन पैसे कमवायला मोकळा. कम्युनिस्ट देशांत मात्र पैशासाठी ठोसे मारणं हे भांडवलशाहीचं पाप. हंगेरीच्या लास्लो पॅपचं उदाहरण त्या वेळी ताजं होतं. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा तो पहिला मुष्टियोद्धा. हंगेरीच्या सरकारनं १९५७ साली त्याला व्यावसायिक व्हायची खास सवलत दिली. तो युरोपचा विजेता झाला, एकही लढत हरला नाही. आणि जगज्जेतेपदाची लढत हाताशी आली तेव्हा सरकारनं परवानगी काढून घेतली. शिखर दिसत असताना त्याला खाली उतरवलं गेलं. त्या माणसाला त्यानंतर रात्री झोप कशी लागली असेल, असं मला नेहमी वाटतं.

पारलोव्हचं नशीब असं की तो हंगेरीत नव्हे, टिटोंच्या युगोस्लाव्हियात जन्मला होता. तिथल्या माणसाच्या खिशात पासपोर्ट असे. लाखो युगोस्लाव्ह कामगार पश्चिम जर्मनीत जाऊन घरी पैसे पाठवत. फुटबॉलपटूंनाही ठरावीक वय झाल्यावर परदेशी क्लबात खेळायची मुभा होती. १९७५ साली पारलोव्ह व्यावसायिक झाला आणि तरीही देशाचा लाडका राहिला. त्याला पळून जावं लागलं नाही, निर्वासित व्हावं लागलं नाही. १९४८ च्या त्या भांडणाचं फळ ते हे.

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा बाज वेगळाच. हौशी लढत तीन फेऱ्यांची, जगज्जेतेपदाची लढत तेव्हा पंधरा फेऱ्यांची. शंभर मीटर धावणाऱ्याला अचानक मैलोगणती पळायला सांगावं तसं. १९७६ साली मिलानला एका तरुण अमेरिकनानं त्याला हरवलं. त्या पोराचं नाव मॅथ्यू फ्रँकलिन, म्हणजे अर्थानं दोघंही मातेच! त्याच वर्षी जुलैत पारलोव्हनं बेलग्रेडला इटलीच्या डोमेनिको आदिनोल्फीला हरवून युरोपियन किताब मिळवला आणि वर्षअखेरीला ट्रिएस्टला फ्रँकलिनशी पुन्हा लढून बरोबरी साधली.

७ जानेवारी १९७८. स्थळ मिलान. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा लाइट हेवीवेट गटातला जगज्जेता तेव्हा कोण होता? म्युनिकला समोर न आलेला तोच मिगेल आंखेल कुएल्यो. तोवर एकही व्यावसायिक लढत न हरलेला. सहा वर्षांपूर्वी न झालेली लढत अखेर झाली. नवव्या फेरीत पारलोव्हनं कुएल्योला असं आडवं केलं की तो वेळेत उठलाच नाही. पॅपला जे मिळू दिलं गेलं नाही ते पारलोव्हनं मिळवलं.

किताब राखण्याची पहिली लढत त्याच वर्षी १७ जूनला झाली, बेलग्रेडच्या रेड स्टार स्टेडियमवर. समोर लिव्हरपूलचा जॉन कॉन्टे, पूर्वी हाच किताब मिरवलेला. पंधरा फेऱ्या झाल्या, तीन पंचांचं एकमत झालं नाही, दोघांनी कौल पारलोव्हला दिला. कॉन्टेला तो निकाल कधीच पटला नाही, आणि इंग्लंडमध्ये त्यावर पुष्कळ आरडाओरड झाली. ते चालायचंच. मला त्या रात्रीतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. सर्बियाच्या राजधानीतल्या स्टेडियमवर एक क्रोएशियन माणूस लढत होता आणि भोवतीची गर्दी त्याला आपला म्हणून डोक्यावर घेत होती. तो क्रोएट की सर्ब, कॅथलिक की ऑर्थोडॉक्स, हा हिशेब त्या रात्री त्या जल्लोषात बुडून गेला होता.

शिखरावर मुक्काम फार काळ नसतो. २ डिसेंबर १९७८ ला सिसिलीतल्या मार्सालाला अमेरिकेच्या मार्व्हिन जॉन्सननं दहाव्या फेरीत त्याचा किताब हिसकावला. हा जॉन्सनही म्युनिकचाच, तिथला कांस्यपदक विजेता. आणि चार-पाच महिन्यांत जॉन्सनला हरवून जगज्जेता कोण व्हावा? तर तोच मॅथ्यू फ्रँकलिन, जो पुढे मॅथ्यू साद मुहम्मद या नावानं गाजला. पारलोव्हला ज्यांनी रोखलं ते सगळे असे खणखणीत होते.

त्या सुमारास लाइट हेवीवेट आणि हेवीवेट यांच्यामध्ये क्रूझरवेट हा नवा गट निघाला. त्याच्या पहिल्या किताबासाठी ८ डिसेंबर १९७९ ला पारलोव्ह आणि अमेरिकेचा मार्व्हिन कॅमल आमनेसामने आले, तेही पारलोव्हच्या जन्मगावी, स्प्लिटला. कॅमल माँटाना राज्यातल्या अमेरिकन आदिवासींच्या राखीव प्रदेशातला. पंधरा फेऱ्यांनंतर निकाल बरोबरीचा लागला आणि किताब रिकामाच राहिला. ३१ मार्च १९८० ला लास वेगासला दोघं पुन्हा भिडले. या वेळी कॅमल गुणांवर जिंकला. पारलोव्हनं हातमोजे उतरवले ते कायमचे. व्यावसायिक लढती २९, विजय २४, पराभव ३ आणि बरोबरी २. न जिंकलेल्या त्या पाचही लढती फक्त तीन अमेरिकनांविरुद्धच्या, आणि ते तिघेही कधी ना कधी जगज्जेते झालेले.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ४ मे १९८० रोजी टिटो गेले. योगायोग म्हणायचा, पण एका माणसाची कारकीर्द आणि एका देशाचा आधार एकाच वसंतात संपले. वरवर सगळं ठीक दिसत होतं. पारलोव्हनं घालून दिलेल्या वाटेवर त्याच लाइट हेवीवेट गटात १९८० साली स्लोबोदान काचारनं आणि १९८४ साली अँटोन योसिपोविचनं युगोस्लाव्हियाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. १९८८ साली झाग्रेबच्या दामिर श्कारोनं याच गटात कांस्यपदक आणलं. पण आतून भिंतीला तडे जात होते. १३ मे १९९० ला झाग्रेबमध्ये दिनामो आणि बेलग्रेडच्या रेड स्टारच्या फुटबॉल सामन्यात प्रचंड दंगल झाली. ज्या रेड स्टारच्या मैदानावर पारलोव्हचा जयजयकार झाला होता, त्याच क्लबाचं नाव आता झाग्रेबमध्ये शिवीसारखं उच्चारलं जाऊ लागलं. जून १९९१ मध्ये क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं घर जाळलं. इस्त्रिया त्या आगीपासून बरीचशी बाजूला राहिली, एवढंच काय ते समाधान.

अशा वेळी प्रसिद्ध माणसांवर दडपण येतं. तू कुणाचा, ते एकदाचं सांगून टाक, असा तगादा लागतो. काही जण झेंडे घेऊन पुढे झाले, काहींनी गणवेश चढवले, काहींनी जुनी पदकं नव्या रंगात रंगवून घेतली. पारलोव्हनं यातलं काही केलं नाही. आपण क्रोएट आहोत हे त्यानं कधी लपवलं नाही आणि त्याचा डांगोराही पिटला नाही. सगळ्या जगाचा विजेता म्हणवून घेतलेल्या माणसानं एवढ्याशा कुंपणात कसं मावायचं, असा त्याचा साधा रोकडा विचार होता. त्या दिवसांत हे बोलायला पंधरा फेऱ्या लढण्याइतकंच काळीज लागत असणार. बेलग्रेडच्या जुन्या मित्रांशी तोडून टाकणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यानं त्या टाळ्या नाकारल्या.

तो पुलातच राहिला. छोटासा कॅफे चालवायचा. सत्कार-समारंभांच्या, मुलाखतींच्या वाऱ्याला फारसा उभा राहत नसे. आपल्याकडे एखादा जुना पैलवान तालमीच्या कट्ट्यावर बसलेला दिसतो, कान चुरगळलेले, आवाज हळू, आणि गावातली पोरं त्याला वाकून नमस्कार करून जातात. पारलोव्हचं उत्तरायुष्य वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तोच म्हातारा येतो.

त्याच्यानंतर क्रोएशियानं आणखी चांगले मुष्टियोद्धे पाहिले. डोक्यावर मधोमध केसांचा तुरा राखणारा झेल्को माव्रोविच हेवीवेटमध्ये युरोपचा विजेता झाला आणि १९९८ साली लेनॉक्स लुईससमोर पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला. स्टीपे ड्र्यूझनं २००७ साली लाइट हेवीवेटचा जागतिक किताब मिळवला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिलिप हर्गोविचनं कांस्यपदक आणलं. ही सगळी स्वतंत्र क्रोएशियाची मिळकत, आणि तिचा त्यांना अभिमान असणं रास्तच आहे. पण मुष्टियुद्धातलं ऑलिंपिक सुवर्ण आणि व्यावसायिक जगज्जेतेपद, दोन्ही नावावर असलेला त्या मातीतला माणूस एकच.

२००८ च्या वसंतात पाठदुखीचं निमित्त झालं आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला. ही लढत काही महिन्यांचीच ठरली. २९ जुलै २००८ ला पुलामध्ये माते पारलोव्ह गेला, साठी गाठण्याआधीच. क्रोएशियात हळहळ झाली, त्यात नवल नाही. पण सर्बियात आणि बोस्नियातही लोक हळहळले. ज्या तीन देशांनी नव्वदच्या दशकात एकमेकांवर तोफा डागल्या त्यांना एका माणसाबद्दल एकाच दिवशी वाईट वाटलं. राजकारण्यांच्या किती बैठकांतून हे साधलं असतं?

पुलाच्या क्रीडागृहाला आता त्याचं नाव आहे. ऑलिंपिकच्या नोंदवहीत मात्र १९७२ च्या त्या सुवर्णपदकापुढे देश म्हणून युगोस्लाव्हिया हेच नाव राहणार, कारण इतिहास मागे जाऊन बदलता येत नाही. त्या नावाचा देश आज नाही, त्याचं राष्ट्रगीत आता कुठल्याही पदकासाठी वाजत नाही. पण पुलाच्या क्रीडागृहात संध्याकाळी सरावाला येणाऱ्या पोरांना त्यानं काय बिघडतं? दारावर नाव आहे ते मातेचं, आणि ते कुणाचं, हे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं असतं.